मत टाकण्याच्या आधी काय ठरतं?

(शहादा इथे झालेल्या कार्यकर्त्या शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



काल रात्रीच्या गटचर्चेत दोन तट पडले. एक गट म्हणत होता की मतदानाची पद्धतच बदलायला हवी. ज्याला एक मत जास्त तो सगळं घेऊन जातो आणि बाकीच्यांच्या मतांना किंमत राहत नाही. दुसरा गट म्हणत होता, पद्धत कुठलीही आणा, पक्ष तेच, घराणी तीच. आपण दारू, रेशन, जंगलजमीन यांवर काम करावं, निवडणुकीच्या भानगडीत पडू नये. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण मला वाटतं, मत मोजायचं कसं यावर आपण खूप बोलतो आणि मत टाकण्याच्या आधी जे ठरून जातं त्याकडे आपलं लक्ष कमी असतं. बाईला अडवलं जातं ते तिथे. म्हणून मतदान सुधारणेचा विचार आपण तिथूनच सुरू करावा, एवढंच मला आज मांडायचं आहे.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घेऊ. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या चौदा हजारांच्या आसपास ग्रामपंचायतींचं मतदान होतं. त्याआधी नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीत आणि नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंच आणि सदस्यपदांचा जाहीर लिलाव झाल्याच्या बातम्या आल्या. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली, खोंडामळीची ४२ लाखांवर, असं छापून आलं. पैसा देवळाच्या कामासाठी, असं सांगितलं गेलं. राज्य निवडणूक आयोगाने अहवाल मागवले, चित्रफिती पाहिल्या आणि दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली.

आता विचार करा. अशा लिलावात मतदार यादीतून कोणाचंही नाव काढावं लागत नाही, कोणाला मतदान केंद्रावर अडवावं लागत नाही. बोली लागली, बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले, एकच उमेदवार उरला, की मतदानच होत नाही. ‘नोटा’चं बटण २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे आलं, पण यंत्रच लागलं नाही तर बटण दाबणार कुठे? आणि बोलीला कोण बसतं? जिच्या नावावर सातबारा नाही, हातात रोकड नाही, ती बाई बसत नाही.

तुम्ही म्हणाल, लिलाव हे टोकाचं उदाहरण झालं. खरं आहे. नेहमीचा प्रकार शांतपणे चालतो. कारभाऱ्यांच्या ओसरीवर रात्री बैठक बसते, पॅनल ठरतं, आणि बायांच्या राखीव जागेवर कोणाच्या घरातली बाई उभी करायची तेही तिथेच ठरतं. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून आपण म्हणतो की गावात पक्ष नाही. पण पॅनल ठरवणारी ओसरी हाच गावचा पक्ष. वर त्या बैठकीला ‘गावाची एकी’ असं गोड नाव मिळतं. २०२०-२१ मध्ये तर काही आमदारांनी बिनविरोध निवडणूक करणाऱ्या गावांना निधी जाहीर केला होता. भांडणं नकोत ही भावना मी समजू शकते. पण ज्या एकीच्या बैठकीला निम्मं गाव बोलावलेलंच नसतं, ती एकी कोणाची?

ओसरीनंतर कागदांची पाळी येते. राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला आणि पुढे जात वैधता प्रमाणपत्र लागतं. मुदतीत दिलं नाही तर निवड रद्द होते. बाईची जात तिच्या बापाकडून धरतात, म्हणजे कागद माहेरून आणायचे. माहेर अक्राणीच्या डोंगरात, सासर तळोद्याच्या सपाटीवर, आज्याचा शाळेचा दाखला नाही, कारण आजा शाळेतच गेला नाही. त्याच गावात जन्मलेल्या पुरुषाला भावकीतून कागद गोळा करता येतात. सून झालेल्या बाईला दोन-तीन गावं फिरावी लागतात. मग दोन अपत्यांची अट. मूल किती हवं हे ठरवणं तिच्या हातात नसतं, अपात्र मात्र तीच ठरते. आणि निवडणुकीचा महिना. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर मुकादमाबरोबर सुरत-बार्डोलीकडे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. जानेवारीत मतदान ठेवलं की ती बाई उमेदवार तर नसतेच, मतदारही नसते.

समाजकार्याचं शिक्षण घेताना ‘राजकीय सहभाग’ म्हणजे मतदानाची टक्केवारी असं मोजायची मला सवय लागली होती. त्या मापाने नंदुरबार पुढे आहे. २०२४ च्या लोकसभेला इथे सुमारे ७० टक्के मतदान झालं, राज्यातल्या सर्वांत जास्त मतदान झालेल्या मतदारसंघांत आपण होतो. आपल्या बाया पायपीट करून मत देतात. त्यांच्यापुढे नावं कोणती ठेवली जातात, हे मात्र त्या टक्केवारीत दिसत नाही.

हा प्रश्न आपलाच आहे असं नाही. अमेरिकेतल्या पक्षांचा इतिहास मी मुद्दाम वाचला, कारण तिथे ‘उमेदवार कोण ठरवणार’ यावर दोनशे वर्षं भांडण चाललं आहे. त्या देशाकडे बघणाऱ्या आपण पहिल्या मराठी बाया नव्हेत. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात तिथे हिंडल्या आणि १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. त्यात राज्यपद्धतीवर प्रकरण आहे आणि स्त्रियांच्या स्थितीवरही आहे. ज्या काळात तिथल्याही बहुतेक बायांना मत नव्हतं, त्या काळात आपली एक बाई तिथल्या राज्यकारभाराची तपासणी करत होती.

तिथे सुरुवातीला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार कसे ठरत? संसदेतले पक्षाचे लोक बंद खोलीत बसून ठरवत. १८२४ च्या सुमाराला लोक त्याला इतके कंटाळले की ती पद्धत मोडली. मग पक्षांची मोठी अधिवेशनं भरू लागली. तिथेही पुढाऱ्यांच्या टोळ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारणावाद्यांनी मागणी केली की पक्षाचा उमेदवारही मतदारांनीच निवडावा. त्याला प्राथमिक निवडणूक म्हणतात.

सुधारणा चांगली होती, पण तिचं दक्षिणेत काय झालं बघा. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरला की तो निवडून आल्यातच जमा असे. कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार घटनेने १८७० सालीच दिला होता. तो उघडपणे काढता येईना, तर पक्षाने काय करावं? पक्ष म्हणाला, आमची प्राथमिक निवडणूक ही आमची खाजगी बाब आहे, तिथे फक्त गोऱ्यांनी मत द्यावं. शेवटच्या मतदानाला या, कोणी अडवणार नाही. पण निवड आधीच झालेली असे. टेक्सासमधल्या एका दंतवैद्याने हे न्यायालयात नेलं आणि १९४४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. खोंडामळी आणि टेक्सास यांच्यात सात समुद्र आहेत, पण युक्ती एकच आहे. मत ठेवायचं, निवड काढून घ्यायची.

आदिवासी मैत्रिणींसाठी आणखी एक. अमेरिकेतल्या बायांना मताचा अधिकार १९२० साली मिळाला असं आपण पाठ करतो. तिथल्या सगळ्या मूळनिवासींना नागरिकत्वच मिळालं १९२४ साली, आणि ॲरिझोना, न्यू मेक्सिको या राज्यांत त्यांना १९४८ पर्यंत मत देता येत नव्हतं. ‘बायांना मिळालं’ असं कोणी म्हटलं की कोणत्या बायांना, हे विचारायची सवय आपण ठेवू या.

दोनच पक्ष का टिकतात, असं काल एकीने विचारलं. एका जागेला एकच निवडायचा आणि ज्याला जास्त मतं तो जिंकला, असं असलं की लोक तिसऱ्याला मत देताना घाबरतात. मत फुकट जाईल म्हणतात. तरीही पक्ष बदलले आहेत. १८५०च्या दशकात गुलामगिरीच्या प्रश्नावर व्हिग नावाचा मोठा पक्ष फुटला आणि १८५४ साली रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. लहान पक्षांनीही काम केलं. दारूबंदीसाठी १८६९ साली स्थापन झालेल्या पक्षाने बायांच्या मताधिकाराची बाजू खूप आधी घेतली. १८७४ साली बायांची दारूविरोधी संघटना उभी राहिली. रमाबाईंचा तिच्याशी जवळून संबंध आला होता. दारूचा गुत्ता बंद करायला गेलेल्या बाया मताच्या मागणीपर्यंत पोचल्या, कारण मत नसलेल्या बाईचं ऐकतो कोण, हा अनुभव त्यांनी घेतला होता.

हे ऐकताना तुम्हाला शहादा आठवला असेल. याच तालुक्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्याबरोबर भिल्ल बाया मोर्चात आल्या, त्यांनी दारूची मडकी फोडली, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. ती ताकद पन्नास वर्षांत तिकिटापर्यंत किती पोचली? नंदुरबार लोकसभा अनेक दशकं काँग्रेसचा बालेकिल्ला म्हणून ओळखली गेली. माणिकराव गावित नऊ वेळा खासदार झाले. इथून पहिली बाई खासदार झाली ती २०१४ साली, भाजपच्या हीना गावित, आणि २०१९ लाही त्याच निवडून आल्या. २०२४ साली काँग्रेसचे गोवाल पाडवी आले. एकीचे वडील राज्यात मंत्री झालेले, दुसऱ्याचेही वडील राज्यात मंत्री झालेले. कोणाच्या कर्तबगारीवर मी बोट ठेवत नाही. पक्ष बदलला तरी तिकिटाचा रस्ता कुठून जातो, तेवढं बघा. जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर या चारही विधानसभा जागा आदिवासींसाठी राखीव. २०२४ मध्ये चारही ठिकाणी पुरुष निवडून आले. राज्यात २८८ पैकी बाया २१.

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे येते, कारण उमेदवार कोणी ठरवायचा हा वाद महाराष्ट्रातही होऊन गेला आहे. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार आपण राखीव जागांसाठी लक्षात ठेवतो. त्यात एक कलम होतं, त्याकडे फारसं कोणी बघत नाही. राखीव जागेसाठी आधी फक्त दलित मतदारांनी मतदान करून चार उमेदवार निवडायचे आणि मग सर्व मतदारांनी त्या चारांतून एकाला निवडायचं, असं ते कलम. म्हणजे नाव पुढे करण्याचा हक्क ज्यांचा त्यांच्याकडे. त्यातली उणीव पुढे बाबासाहेबांनीच दाखवली. शेवटचा शब्द बहुसंख्यांचाच, म्हणून चारांत दलितांची सर्वांत कमी पसंती असलेलाही निवडून येऊ शकतो. बायांच्या राखीव जागांवर आज आपण जे बघतो, त्याचं निदान त्यांनी तेव्हाच करून ठेवलं होतं. जागा राखीव, पण त्या जागेवर कोण हे इतरांनी ठरवायचं.

दुसरी गोष्ट १९३७ ची. मुंबई प्रांताच्या निवडणुकीत अनेक जागांचे मतदारसंघ होते आणि मतदाराला जागांइतकी मतं होती. ती वाटून द्या किंवा सगळी एकालाच द्या, अशी मुभा होती. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले, १४ निवडून आले. स्वातंत्र्यानंतर ही पद्धत राहिली नाही.

याचा हिशेब मांडून बघू, कारण काल ज्या मैत्रिणी पद्धत बदला म्हणत होत्या त्यांचा मुद्दा इथे पक्का होतो. एका प्रभागात ३०० मतदार आणि तीन जागा आहेत असं धरा. मोठ्या वस्तीत २२०, टेकडीवरच्या पाड्यात ८०. आज प्रत्येक जागेला मतदाराचं एक मत. तिन्ही जागांवर २२० विरुद्ध ८०, तिन्ही मोठ्या वस्तीच्या. आता १९३७ सारखी पद्धत धरा. पाड्यातल्या ८० जणांनी तिन्ही मतं एकाच बाईला दिली तर तिला २४० मतं. मोठ्या वस्तीची ६६० मतं तिघांत वाटली तर प्रत्येकाला २२०. पाड्याची बाई निवडून आली, आणि उरलेल्या दोन जागा मोठ्या वस्तीला मिळाल्या. कोणावर अन्याय नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या चिल्टन काउंटीने १९८८ साली हीच पद्धत घेतली, आणि तिथल्या कारभारी मंडळावर पहिल्यांदा एक कृष्णवर्णीय माणूस निवडून आला. तिथे कृष्णवर्णीय मतदार अगदी थोडे होते.

पण हीच पद्धत ओसरीच्या हातात गेली तर? ओसरी सांगेल, तिन्ही मतं अमक्याला द्या. म्हणून मी म्हणते, मोजणी बदलण्याची मागणी जरूर करू या, पण नाव कोण सुचवतं हा प्रश्न तिला बांधून ठेवू या. कुठलीही सुधारणा समोर आली की या एका प्रश्नाने ती तपासून बघायची.

थेट सरपंच घ्या. २०१७ साली राज्याने सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरवलं, २०२० साली ते रद्द केलं, २०२२ साली पुन्हा आणलं. बाजूने बोलणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, थेट निवडलेल्या बाई सरपंचाला चार सदस्य फोडून खाली खेचता येत नाही. अविश्वास ठरावाला ग्रामसभेतही गुप्त मतदानाने मंजुरी लागते. हा मुद्दा मोठा आहे, आपण अविश्वासाचे खेळ पाहिले आहेत. विरोधातल्या म्हणतात, सगळ्या गावात प्रचार करायचा तर खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की बाईचं नाव मागे पडतं. मला दोन्ही पटतं. संरक्षण ठेवा आणि खर्चाची मर्यादा खरोखर पाळायला लावा, ही आपली भूमिका असावी.

२०२३ चा महिला आरक्षणाचा कायदा घ्या. लोकसभा, विधानसभेत एक तृतीयांश जागा, आणि आदिवासींच्या राखीव जागांतही एक तृतीयांश. राज्यात आदिवासींच्या २५ विधानसभा जागा आहेत, त्या हिशेबाने आठेक जागा आदिवासी बायांच्या. पण कायदा झाला तेव्हाच त्यात अट घातली गेली की त्यानंतरची जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर तो लागू होईल. जागा राखीव होईपर्यंत पक्षांना बायांना तिकीट द्यायला कोणी मनाई केली आहे का? नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मुख्य निवडणूक आयुक्त गिल यांनी सुचवलं होतं की पक्षांवरच बायांना ठराविक तिकिटं देण्याचं बंधन घालावं. आपल्यापैकी अनेकींनी तेव्हा विरोध केला, कारण पक्ष बायांना हरणाऱ्या जागा देतील अशी भीती होती. ती भीती रास्त होती. तरी तिकीट वाटपाची जबाबदारी पक्षावर टाकणारं काही कायद्यात असावं, ही मागणी सोडून देण्यासारखी नाही.

आणि ज्या मैत्रिणी म्हणतात निवडणुकीत पडूच नये, त्यांना एवढंच सांगते. रेशन दुकान कोणाला, पेसाचा निधी कशावर, वनहक्काचा दावा पुढे सरकवायचा की नाही, यावर त्याच ओसरीचं वजन पडतं. आपण लांब राहिलो म्हणून ती रिकामी राहत नाही.

मग करायचं काय? पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीसाठी मी चार गोष्टी चर्चेला ठेवते.

एक. प्रभागरचना आणि आरक्षण जाहीर झालं की पॅनलची बैठक बसण्याआधी पाड्यापाड्यात बायांची बैठक घ्यायची आणि राखीव जागेसाठी दोन-तीन नावं बायांनीच ठरवायची, जमल्यास चिठ्ठ्या टाकून. मग ती नावं घेऊन ओसरीवर जायचं. ऐकलं तर ठीक, नाही तर आपलं पॅनल. हे अशक्य नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात विटनेर गावाने १९८९ साली सगळ्या बायांची ग्रामपंचायत निवडून दिली होती, तेव्हा कायद्यात पन्नास टक्के सोडाच, तेहेतीस टक्केही नव्हते.

दोन. कागद आत्ताच. ज्या बाया उभ्या राहू शकतील त्यांची माहेरची कागदपत्रं निवडणूक जाहीर होण्याची वाट न बघता गोळा करायची. हे काम आपल्या संघटनांनी अंगावर घ्यावं.

तीन. मतदार यादी वाचायची. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशात सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच नाव सांगितलं होतं. आजही लग्नानंतर नाव माहेरी राहिलेल्या, सासरी न चढलेल्या बाया प्रत्येक पाड्यात सापडतील. आणि ऊसतोडीच्या हंगामात मतदान ठेवू नये, असं निवेदन राज्य निवडणूक आयोगाला आपण सर्व संघटनांनी मिळून द्यावं.

चार. लिलाव, पैसे घेऊन अर्ज मागे घेणं, दमदाटीने बिनविरोध, असं कुठे दिसलं तर तहसीलदार आणि निवडणूक आयोगाकडे लेखी तक्रार करायची. आयोग कारवाई करू शकतो हे २०२१ ने दाखवलं. तक्रार करणारी बाई गावात एकटी पडते, म्हणून तक्रार संघटनेच्या नावाने आणि पाच-दहा जणींच्या सह्यांनी जावी.

शेवटच्या मुद्द्यावर माझं समाधान झालेलं नाही. गावाच्या एकीविरुद्ध गेली म्हणून ज्या बाईवर बहिष्कार पडेल, तिच्या मजुरीचं, तिच्या पोरांचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून शोधायचं आहे. जेवणानंतर तालुक्यानुसार गट करून बसू. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या मैत्रिणींनी ऊसतोडीच्या वेळापत्रकावर आधी बोलावं, म्हणजे निवेदनाचा मसुदा आज संध्याकाळीच लिहून होईल.